खिडकीपलीकडची वही

‘नाहीं’ आणि ‘ठाऊक नाहीं’ या दोन उत्तरांत केवढें अंतर आहे, हें ज्याला कचेरीच्या खिडकीशीं उभें राहण्याचा प्रसंग आला असेल त्याला सांगावयास नको. सातबाऱ्याचा उतारा मागावयास गेलेल्या शेतकऱ्याला पूर्वीं तलाठी म्हणे, “तुझ्या नांवाची नोंद नाहीं.” वस्तुस्थिति कधीं कधीं अशी असे कीं, नोंद होती, दप्तर मात्र दुसऱ्या गांवीं राहिलें होतें, किंवा तें उघडून पाहण्याची त्या दिवशीं तलाठ्याची इच्छा नव्हती. परंतु खिडकीबाहेरच्या माणसाच्या कानांवर पडे तो एकच शब्द. तो बिचारा आपल्या जमिनीची काळजी करीत घरीं जाई. वही खरी होती, वहींत लिहिलेलेंही खरें होतें. पण वही आणि तो यांच्यामध्यें एक मनुष्य बसलेला होता.

ही जुनी गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवली ती एका अगदीं नव्या वहीच्या निमित्तानें. आम्ही कांहीं सहाध्यायी मिळून एक लहानसा विद्यार्थी-साहाय्यक निधि चालवितों. वर्षाकांठीं दहा-बारा मुलांची फी भरावी, त्यांना पुस्तकें घेऊन द्यावीं, एवढाच त्याचा व्याप. देणगीदार चाळीसएक, त्यांतले निम्मे आज परदेशीं आहेत. मागें एकदां या निधीच्या हिशेबावरून दोन मित्रांत असें वितुष्ट आलें कीं, तीस वर्षांचा स्नेह चार ओळींच्या पत्रानें संपला. पैसा कोणीं खाल्ला नव्हता. पण एक पावती मागाहून लिहिली आहे असा संशय एकाला आला, आणि ती मागाहून लिहिलेली नाहीं हें दाखविण्याचें साधन दुसऱ्याजवळ नव्हतें. ज्याच्यावर संशय आला त्यानें खजिनदारी सोडली. ज्यानें संशय घेतला त्यानें येणेंजाणें सोडलें, देणगी मात्र कधीं थांबविली नाहीं. रिकामी झालेली खजिनदारी माझ्या गळ्यांत पडली.

माझी भाची संगणकाच्या धंद्यांत आहे. हा इतिहास ऐकून ती म्हणाली, “मामा, तुमचा हिशेब लोकांनीं नुसत्या तुमच्या शब्दावर कां मानावा?” प्रश्न जरा उर्मट वाटला, पण रास्त होता. तिनें सुचविलें कीं, आमच्या दरमहाच्या हिशेबाची खूण ब्लॉकचेनवर नोंदवून ठेवावी.

ब्लॉकचेन हें नांव ऐकूनच पुष्कळ सुजाण माणसें दचकतात, कारण त्याच्या पाठोपाठ सट्ट्याच्या आणि बुडालेल्या पैशाच्या गोष्टी आठवतात. त्या खोट्या नाहींत. पण सट्टा बाजूस ठेवला तर मूळ वस्तु ही एक कीर्द आहे. इथेरियम नांवाची कीर्द ३० जुलै २०१५ रोजीं सुरू झाली. तिची प्रत जगभर विखुरलेल्या हजारों संगणकांवर असते. सुमारें दर बारा सेकंदांनीं तिला एक नवें पान जोडलें जातें, आणि प्रत्येक पानावर आधींच्या पानाचा ठसा उमटविलेला असतो. मधल्या एखाद्या पानावर खाडाखोड करावी, तर पुढच्या साऱ्या पानांवरचे ठसे जुळेनासे होतात. आमचा हिशेब तींत लिहावयाचा नव्हता. त्याचा नुसता ठसा लिहावयाचा होता. हिशेबाच्या कागदावरून एका ठराविक गणिती रीतीनें चौसष्ट अक्षरांचा ठसा काढतां येतो. कागदांतला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी ठसा सर्वस्वीं बदलतो. महिना संपतांच तो कीर्दींत चढविला कीं, हिशेब मागाहून लिहिला असें पुढें कोणास म्हणतां येऊं नये. हिशेब खरा कीं खोटा हें ठशावरून कळत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. खोटा हिशेबही वेळेवर चढवितां येतो. पण तो त्या दिवशीं असाच होता एवढें कळतें, आणि आमचें भांडण नेमकें तेवढ्यावरच झालें होतें.

भाचीनें एक सुबक पान तयार केलें. देणगीदारानें तें आपल्या मोबाइलवर उघडावें, महिना निवडावा, आणि त्या महिन्याचा ठसा कीर्दींत आहे कीं नाहीं तें पाहावें. पहिलें वर्ष सुरळीत गेलें. पुढच्या एप्रिलच्या आरंभीं एका सकाळीं मला परदेशांतून पत्र आलें. (पत्र म्हणजे अर्थात् ई-मेल, पण लिहिणाराची भाषा पत्राचीच होती.) “तुमच्या पानावर बारांपैकीं एकाही महिन्याची नोंद दिसत नाहीं. नोंदी काढून घेण्याचें कारण कळेल काय?” लिहिणारा तोच गृहस्थ होता, ज्यानें पूर्वीं पावतीवर संशय घेतला होता.

तो दिवस मला कसा गेला हें मी वर्णन करीत नाहीं. ज्या नोंदी काढून घेणें ब्रह्मदेवालाही शक्य नाहीं असें मीं सर्वांना वर्षभर सांगितलें होतें, त्या पानावर खरोखरच दिसत नव्हत्या. संध्याकाळीं भाची आली, आणि अर्ध्या तासांत तिनें रोगाचें निदान केलें. आमचें पान ती कीर्द स्वतः वाचतच नव्हतें. तें दूरच्या एका कंपनीच्या संगणकाला विचारीत होतें. ती कंपनी रोज ठराविक प्रश्नांचीं उत्तरें फुकट देई. त्या दिवसाचा वांटा संपला होता, म्हणून तिनें उत्तर देण्याचें नाकारलें. आणि उत्तर आलें नाहीं म्हणून आमच्या पानानें बेधडक छापलें, ‘नोंद आढळली नाहीं.’

“मामा, ती ‘नाहीं’ म्हणाली नाहीं,” भाची म्हणाली. “ती ‘आज सांगत नाहीं’ म्हणाली. ‘नाहीं’ आपलें पान म्हणालें.”

तिच्या या एका वाक्यानें मला त्या विषयाचा नाद लागला. जी कीर्द हजारों ठिकाणीं आहे, जी कोणालाही वाचतां येते, जिच्या थोरवीचा सारा पायाच ‘कोणावर विश्वास ठेवावयास नको’ हा आहे, ती वाचावयाला आम्ही एका परक्या खिडकीशीं कां उभे होतों?

कारण साधें आहे. कीर्दीची प्रत बाळगणाऱ्या संगणकाला नोड म्हणतात. असा नोड घरीं ठेवावयाचा म्हणजे दोन टेराबाइट मावतील अशी वेगवान साठवण, सोळा गिगाबाइट किंवा अधिक स्मृति, अखंड इंटरनेट, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून एकाऐवजीं दोन आज्ञावल्या एकमेकींशीं बोलत ठेवण्याची दगदग. खिशांतल्या मोबाइलला हें झेपणारें नाहीं. म्हणून ॲप करणारे लोक दूरच्या नोडची सेवा घेतात. इन्फ्युरा ही अशी एक सेवा २०१६ सालीं निघाली. अल्केमी, क्विकनोड वगैरे इतरही आहेत. नांव नोंदवावें, एक किल्लीवजा लांबलचक अक्षरमाला घ्यावी, ती जोडलेला पत्ता ॲपमध्यें एका ओळींत लिहावा, कीं काम झालें. मग ॲप ठरलेल्या सांच्याचे प्रश्न धाडतें: शेवटचें पान कितवें? अमुक खात्यांत शिल्लक किती? हा सही केलेला व्यवहार पुढें पोंचवाल काय? प्रत्येक प्रश्न मोजला जातो, आणि फुकटची मर्यादा ओलांडली कीं पैसे पडतात. व्यवहार म्हणून यांत गैर कांहीं नाहीं. घरोघर विहिरी खणण्यापेक्षां नळ बरा, हें आपण केव्हांच मान्य केलें आहे.

परंतु या मध्यस्थाच्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण येथें भीति आणि भोळेपणा दोन्ही फार लवकर उत्पन्न होतात. व्यवहारावरची सही आपल्या यंत्रांतच होते. जिनें ती होते ती गुप्त किल्ली आपल्यापाशींच राहते. सही केलेला कागद दूरच्या नोडच्या हातीं पडला, तरी त्यावरची रक्कम किंवा घेणाऱ्याचा पत्ता त्याला बदलतां येत नाहीं. बदलल्यास सही जुळत नाहीं. तेव्हां तो चोरी करूं शकत नाहीं. पण तो कागद पुढें न धाडतां ठेवून घेऊं शकतो, उत्तर नाकारूं शकतो, शिळें उत्तर देऊं शकतो, मनांत आणल्यास खोटेंही देऊं शकतो, आणि कोणीं कोठून काय विचारलें हें टिपून ठेवूं शकतो. तलाठ्याच्या हातीं याहून फारसें अधिक नसे, आणि तेवढ्यावरही गांव त्याला वचकून असे.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. ११ नोव्हेंबर २०२० रोजीं जें घडलें तें पाहा. गेथ नांवाच्या ज्या आज्ञावलीवर इथेरियमचे बहुतेक नोड त्या वेळीं चालत, तिच्या जुन्या आवृत्तींत एक दोष होता. करणाऱ्यांनीं तो गाजावाजा न करतां नव्या आवृत्तींत दुरुस्त केला होता. इन्फ्युराचे कांहीं नोड जुन्या आवृत्तीवरच राहिले होते. त्या दिवशीं कीर्दींत असा एक व्यवहार आला कीं, जुनी आवृत्ति आणि नवी आवृत्ति यांचें त्याविषयीं एकमत होईना, आणि जुन्या आवृत्तीचे नोड मुख्य साखळीपासून फुटून वेगळ्याच फांट्यावर गेले. मुख्य कीर्द चालूच होती; तिचें एक पानही थांबलें नाहीं. तरी मेटामास्क ही पैशाची पिशवी वापरणाऱ्या लोकांना शिल्लक धड दिसेना, आणि बायनान्ससारख्या मोठ्या पेढीनें ईथर बाहेर देणें कांहीं काळ थांबविलें. पुष्कळांना वाटलें, इथेरियमच बंद पडलें. बंद पडली होती ती खिडकी. येथें न्यायाला धरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, ज्यांनीं स्वतःचे नोड ठेवले होते पण जुन्याच आवृत्तीवर ठेवले होते, तेही त्याच आडफांट्यावर गेले. घरची विहीर असली तरी तिचा गाळ आपणच काढावा लागतो.

खिडकी बंद पडणें हा अपघात झाला. ती कोणासाठीं उघडावी हें ठरविण्याचा अधिकार ही निराळी गोष्ट आहे. ३ मार्च २०२२ रोजीं निर्बंधांना अनुसरून कांहीं प्रदेशांची सेवा बंद करतांना इन्फ्युरानें जाळें जरूरीपेक्षां रुंद टाकलें, आणि ज्यांचा त्या निर्बंधांशीं संबंध नव्हता अशा व्हेनेझुएलांतल्या लोकांना मेटामास्क चालेना. चूक कळतांच कंपनीनें ती सुधारली. त्याच वर्षीं ८ ऑगस्टला अमेरिकेच्या अर्थखात्यानें पैशाचा माग पुसून टाकणाऱ्या टोर्नाडो कॅश या योजनेवर निर्बंध घातले, तेव्हां इन्फ्युरा आणि अल्केमी यांनीं तिच्याविषयींचे प्रश्न घेणें बंद केलें. ते निर्बंध २१ मार्च २०२५ रोजीं उठविण्यांत आले. त्या योजनेंतून चोरांचा पैसा गेला होता हें खरें, आणि कंपन्यांनीं आपल्या देशाचा कायदा पाळला यासाठीं त्यांना दोष देण्याइतका मी एकांगी नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, कीर्दींतलीं तीं पानें सर्व काळ जागच्या जागीं होतीं. ज्याच्यापाशीं स्वतःची प्रत होती त्याला तीं वाचतां येत होतीं, आणि ज्याच्यापाशीं नव्हती त्याच्यापुरतीं तीं फाडल्यासारखीं झालीं होतीं. त्याच सालच्या नोव्हेंबरांत मेटामास्कच्या मालक-कंपनीनें आपल्या नियमांत स्पष्ट केलें कीं, इन्फ्युरामार्फत व्यवहार धाडणाराचा इंटरनेटवरचा पत्ता आणि त्याच्या खात्याचा पत्ता हे दोन्ही तिजकडे येतात. लोकांनीं मोठा गहजब केला. मला त्या गहजबाचें नवल वाटलें. खिडकीशीं जाऊन विचारणाराचें तोंड खिडकींतल्या माणसाला दिसावयाचेंच.

या साऱ्या प्रकाराचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र एका चित्राचें आहे. सिग्नल हें संदेशांचें ॲप ज्यांनीं निर्माण केलें त्या मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनीं २०२२ च्या जानेवारींत एक लेख लिहिला. त्यांनीं गंमत म्हणून ब्लॉकचेनवर मालकी नोंदविलेलें एक चित्र केलें होतें; तें निरनिराळ्या दुकानांत निरनिराळें दिसे. ओपनसी या दुकानानें तें काढून टाकलें. येथपर्यंत ठीक, पण तें त्यांच्या स्वतःच्या पिशवींतूनही नाहींसें झालें! कीर्दींत मालकी त्यांचीच होती. पिशवी मात्र कीर्दीला न विचारतां त्याच दुकानाला विचारीत होती. लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवावयाचे नसतात आणि ते कधींच चालविणार नाहींत, असा त्या लेखकांचा रोखठोक अभिप्राय आहे. तो ऐकतांना माझा खजिनदारीचा अभिमान दुखावतो, पण आमच्या चाळीस देणगीदारांकडे पाहिलें म्हणजे तो नाकारतां येत नाहीं.

मग यांतून वाट नाहींच काय? एक आहे, आणि ती या विद्येच्या जन्मापासूनची आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें २००८ सालीं बिटकॉइनविषयींचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांतच सारी कीर्द न बाळगतां आपली नोंद पडताळण्याची रीत दिली आहे. तिचें बीज राल्फ मर्कल या गणितज्ञाच्या त्याआधींच्या कल्पनेंत आहे. हजार पावत्यांचे ठसे दोन-दोन जोडून त्यांचे पुन्हां ठसे काढीत गेलें, तर शेवटीं एकच ठसा उरतो. आणि आपली पावती त्यांत आहे हें दाखवावयास हजार पावत्या लागत नाहींत, वाटेवरचे दहा ठसे पुरतात. मला तर हें गणित एखाद्या चांगल्या सुभाषिताइतकें सुंदर वाटतें. याच तत्त्वावर इथेरियमसाठीं २०२२ च्या नोव्हेंबरांत हेलिओस नांवाची छोटी आज्ञावली निघाली. ती दूरच्या नोडकडून उत्तराबरोबर पुरावा मागते आणि तो आपल्याच यंत्रावर तपासते. खिडकींतल्या माणसावर विश्वास न ठेवतांही त्याच्याकडून उतारा घेतां येतो, तो असा. मात्र दिलेला उतारा खरा कीं खोटा एवढेंच यानें कळतें. तो देतच नाहीं म्हणाला, तर सारें गणित हात टेकतें. त्याला उपाय एकच, दुसरी खिडकी.

हा प्रश्न आमच्या निधीपुरताच असता तर मीं त्याविषयीं एवढी शाई खर्च केली नसती. २०२२ च्या मार्चमध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें सुमारें ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या कीर्दीच्या साहाय्यानें देण्याची योजना जाहीर झाली. (या पॉलिगॉनच्या सरावाच्या जाळ्याला ‘मुंबई’ असें नांव होतें. तें २०२४ च्या एप्रिलमध्यें बंद झालें. ज्या ॲपांत त्याचाच पत्ता लिहिलेला होता त्यांनीं कितीही हांका मारल्या तरी मुंबई आतां ओ देणार नाहीं.) खोट्या दाखल्यांना आळा बसावा हा हेतु चांगलाच आहे, आणि त्या योजनेविषयीं माझी तक्रार नाहीं. पण अशा कोणत्याही दाखल्याची पडताळणी करणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर ‘नोंद आढळली नाहीं’ असें उमटलें, तर तें कीर्दीचें म्हणणें आहे कीं मधल्या खिडकीचें, हें त्यानें कसें ओळखावें? आमच्या बाबतींत फार तर एका खजिनदाराची अब्रू जाती. तेथें एखाद्या मुलीच्या प्रवेशाची मुदत निघून जाईल. आणि ‘यंत्रच सांगतें’ म्हटल्यावर तिच्या बापानें तक्रार तरी कोणाकडे करावी? पूर्वींच्या तलाठ्याशीं निदान भांडतां येत असे.

आमच्या पानांत भाचीनें जी सुधारणा केली ती विद्वत्तेची नव्हे, पण मला ती तिच्या साऱ्या कसबापेक्षां मोलाची वाटते. तें आतां तीन प्रकारचीं उत्तरें देतें: नोंद आहे, नोंद नाहीं, उत्तर मिळालें नाहीं. उत्तर कोणत्या नोडकडून आणि कितव्या पानापर्यंत पाहून आलें, हेंही खालीं बारीक अक्षरांत येतें. प्रश्न एकाऐवजीं दोन कंपन्यांना जातो. त्यांच्यांत मतभेद झाला तर पान तसें कबूल करतें. परदेशांतल्या त्या मित्राला मीं सविस्तर खुलासा लिहिला. दोन दिवसांनीं त्याचें उत्तर आलें: “मग तुमच्या पानानें तसें कां म्हटलें नाहीं?” त्यासोबत त्यानें आमच्या हिशेबाच्या कागदांवरून बाराही महिन्यांचे ठसे स्वतः काढून पाठविले होते. ते सारे जुळत होते. त्याविषयीं त्यानें एक अक्षरही लिहिलें नव्हतें.

तिसरा नोड आमच्या घरीं आहे. भाचीनें तो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर मांडून दिला. जाडजूड कोशाएवढी एक पेटी. कीर्द त्यांत उतरून यावयास तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत मी तिच्याकडे, पाळण्यांतल्या मुलाकडे पाहावें तसा, येतांजातां पाहत होतों. वीज गेली कीं ती मुकी होते. वीज आली कीं राहिलेलीं पानें भराभर वाचून पुन्हां वेळेवर येते. तिला महिन्याला चौदा-पंधरा युनिटें लागतात. हा खर्च निधीच्या खात्यांत घालावा असें माझें मत आहे. तो घरखर्चांतच राहावा, नाहीं तर त्यावरूनही कोणी संशय घेईल, असें आमच्या मंडळींचें. त्यावर अद्याप घरांत एकमत झालेलें नाहीं.